बिनमिठाचं वैराग्य

राग मिठात असतो, हे मनकर्णेला अंबादेवीच्या देवळात कळलं. चैत्रातल्या नवरात्राचं कीर्तन चाललं होतं. ती खांबाआड बसून मांडीवरचं पोर रडू नये म्हणून गुडघा हलवत होती, त्यामुळे निम्मं कीर्तन कानात गेलं आणि निम्मं गुडघ्याखाली. पण जे कानात गेलं ते नेमकं गेलं. बुवा म्हणाले, "खारट-आंबट खाणाऱ्याचा जीव सदा तापलेला. मीठ पोटात गेलं की राग डोक्यात चढला म्हणून समजा!" पुढं बुवांनी त्यावर आणखी काही सांगितलंच असणार, कारण कीर्तनकार कुठलीच गोष्ट एवढ्यावर सोडत नाहीत. पण तेवढ्यात पोरानं असा सूर लावला की टाळकरी चुकला, आणि मनकर्णेला उठावं लागलं.

अर्धवट ऐकलेल्या ज्ञानाइतकं पक्कं ज्ञान जगात दुसरं नसतं. अंबागेटातून घरी पोचेपर्यंत तिचा निश्चय झाला होता. सासऱ्याचं मीठ तोडायचं.

सासरे म्हणजे नत्थुजी. माणूस मनानं मोठा, हातानं सढळ आणि तोंडानं तोफ. त्या साली खरं म्हणजे अमरावतीत रागवायला कुणाला सवडच नव्हती. सातासमुद्रापलीकडं कुठल्याशा मुलखात भाऊबंदकी पेटली होती, तिथला कापूस अडून बसला होता आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या काळ्या मातीकडं तोंड वासून पाहत होत्या. वऱ्हाडी माणसाला भाऊबंदकीचं नवल नाही. पण दुसऱ्याच्या भाऊबंदकीत आपलं भलं होतं, हा अनुभव नवा होता. जो तो हसत होता. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. नत्थुजींनी आपल्या बैल जुंपायच्या दमणीच्या चाकांना चांदीची पट्टी मारून घेतली, ती बडनेऱ्याच्या वाटेवर, आगगाडीसाठी माती टाकत होते तिथं, चिखलात निसटून गेली. तेव्हा नत्थुजी आधी चाकावर रागावले, मग लोहारावर, मग आगगाडीवर, जी अजून आलीसुद्धा नव्हती.

कापसाचा भाव उतरला की ते रागवत, आणि चढला की 'कालच विकला, आज चढला' म्हणून रागवत. अशा माणसाच्या घरात पोर वाढवायचं म्हणजे तोफखान्यात पाळणा बांधण्यासारखं, असं मनकर्णेला वाटे. पण मीठ तोडायचं ते पोरासाठी नव्हे. ते नणंदेसाठी, कुंदासाठी.

कुंदा दिवाळीपासून माहेरी बसली होती. तिचं सासर अकोल्याकडं, पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. तिथं विहिरीला पाणी लागतं ते खारंच. तिचे सासरे खुशालराव तर मिठाच्या विहिरीचे धनी. विहिरीचं पाणी वाफ्यात ओतायचं, उन्हात सुकवायचं आणि मीठ गोळा करायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. भल्या माणसांची भली सोयरीक. पण दिवाळीच्या आधी नत्थुजी लेकीला आणायला गेले आणि घोटाळा झाला. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही रीत नत्थुजी कडक पाळत. पण ऊन असं होतं की व्याह्यांच्या अंगणात पोचता पोचता टाळूला जीभ चिकटली. मनाशी झगडून, देवाची क्षमा मागून, त्यांनी रीत मोडली आणि तांब्या तोंडाला लावला. एवढं पाप पदरात घेतलं, आणि पाणी निघालं खारट! नत्थुजींनी चूळ भरल्यासारखं ते अंगणातच थुंकलं आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे पानी हाय का लोनच्याचा खार?"

खुशालराव तेव्हा काही बोलले नाहीत. दिवाळीनंतर मात्र लेकीला न्यायला कुणी आलं नाही. महिने गेले. आता सोयऱ्यांनी मधे पडून कसंबसं जमवलं होतं. आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला खुशालराव स्वतः येणार, जेवणार, आणि मनासारखं झालं तर सुनेला घेऊन जाणार. मनासारखं झालं नाही तर कुंदा कायमची माहेरी. कुंदा बोलत नसे, पण कुणाची दमणी दारावरून गेली की चाळणी हातात धरून तशीच उभी राहायची. मनकर्णेला ते पाहवत नसे. आणि नत्थुजी तर दर दोन दिवसांनी ओसरीवरून घोषणा करत, "येऊ द्या खारपान्याले! असा सुनावतो का नाई!"

तर आखजीच्या आत नत्थुजींचा राग उतरायला हवा होता. मधे महिना नव्हता पुरता.

मनकर्णेनं आधी शेजारच्या पार्वताबाईला विचारलं, आडून आडून. पार्वताबाई म्हणाली, "खरंच हाय थे. बैलाले मीठ चाटवलं का कसा उधळते? मंग मानूस तं बैलाहून हलका जीव." मनकर्णेला हे पटलं. नत्थुजी आणि बैल यांच्यात साम्य शोधायला तिला फार कष्ट पडले नाहीत. मग मागच्या गल्लीतल्या जोश्यांच्या गोदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उलट आहे, बाई. मिठानं राग येत नाही, मिठावाचून येतो. उपासाच्या दिवशी आमच्या घरात या आणि ऐका. अगदीच कमी करायचं तर सैंधव घाल, ते सात्त्विक." हे पार्वताबाईला सांगितल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सैंधव मीठच थे! मिठानं टोपी घातली तं का साहेब झालं?"

दोन सल्ले विरुद्ध मिळाले की माणूस आपल्याला हवं तेच करतो. मनकर्णेनं मीठ निम्मं केलं.

हे जमण्याजोगं होतं, कारण सासू हयात नव्हती आणि मिठाचा हात मनकर्णेचाच होता. दुसरं, त्या घरात एक नियम होता. पानावर बसून मीठ मागायचं नाही. मीठ मागणं म्हणजे रांधणारीच्या मुस्काटात मारणं, असं नत्थुजींचे वडील सांगून गेले होते. नत्थुजी जगातल्या यच्चयावत गोष्टींवर रागवत, फक्त अन्नावर नाही. पानावर बसले की हा माणूस गाय होई. लोणच्याची बरणी मनकर्णेनं माळ्यावर नेऊन ठेवली आणि बुरशी आली असं सांगून टाकलं. ठेचा मात्र तिनं बिनमिठाचा केला. तो खाऊन सूर्यभानच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, डोळ्यांतून पाणी आलं. तिखटानं आलं की दुःखानं, ते सांगता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी नत्थुजींनी वरणभाताचा घास घेतला आणि थांबले. वर आढ्याकडं पाहिलं. जीभ तोंडात इकडून तिकडं फिरवली. मग एक शब्द न बोलता सगळं जेवले, हात धुतला आणि ओसरीवर जाऊन गप्प बसले.

मनकर्णा दाराआडून पाहत होती. संध्याकाळी गडी शेषराव बैल घेऊन आला. एक बैल लंगडत होता. मनकर्णेनं पोराचे कान हातांनी झाकले. नत्थुजी शेषरावकडं बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "शेषराव, तू जेवला का बावा?"

शेषराव घाबरून बैलांच्या कोठ्यात जाऊन बसला, तो रात्रीपर्यंत बाहेर आला नाही.

"वयनी, बाले काय झालं वं?" कुंदानं विचारलं.

"काई नाई झालं बाई. उतार पडून राहिला," मनकर्णा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मीठ पाव केलं.

पुढचे दिवस म्हणजे एक चमत्कारच होता. पार्वताबाईच्या शेळ्या नत्थुजींच्या कडब्यात शिरल्या, तर नत्थुजी म्हणाले, "खाऊ द्या. मुका जीव हाय, आपन का वर घेऊन जातो?" न्हाव्याला त्यांनी आपली चांदीच्या मुठीची काठी देऊन टाकली. मुंबईहून भाव पडल्याची बातमी आली, सारा कापूसबाजार डोक्याला हात लावून बसला, आणि नत्थुजी म्हणाले, "भाव चढते, भाव पडते. मानूस मातर एकडाव पडला का पडला." मनकर्णा चुलीपुढं बसून अंबादेवीला मनातल्या मनात हात जोडत होती. मीठ आता चिमटीवर आलं होतं.

पण कुठं तरी काही तरी जुळत नव्हतं. सूर्यभान. हा माणूस लग्न झाल्यापासून मोठ्यानं शिंकलासुद्धा नव्हता. तो आता दारात पाय आपटत येऊ लागला. बापाच्या समोर अन्नाबद्दल बोलायची सोय नव्हती, आणि बाप मुकाट जेवतो म्हणजे अन्न बरोबरच असणार, त्या अर्थी आपलीच जीभ बिघडली, अशी त्याची समजूत झाली होती. "मले ताप येऊन राहिला," तो म्हणायचा. अंग गार असायचं. कापसाच्या बाजारात तो कच्च्या कैऱ्या मीठ लावून खातो, हे ओठांवर राहिलेल्या पांढऱ्या कणांवरून मनकर्णेला कळलं. म्हणजे मीठ खातो आणि रागवतो, असं धरलं तर कीर्तनकार खरे. पण घरात मीठ मिळत नाही म्हणून रागवतो, असं धरलं तर गोदाबाई खऱ्या. आणि तिचं स्वतःचं काय? ती तर घरातलंच खात होती, चिमटीचं. तरी काल तिनं पळी भिंतीवर फेकली होती आणि नंतर पळी वाकडी झाली म्हणून रडली होती. कदाचित घरात रागाचं माप ठरलेलं असावं. एकाच्या अंगातून निघाला की तो दुसऱ्याच्या अंगात जाऊन बसत असावा. कुंदा तेवढी रोज पाठमोरी बसून चवीनं जेवायची. पण माहेरी बसलेल्या लेकीला अन्न गोड लागतंच, असं म्हणून मनकर्णेनं तिला विचारातून वगळलं.

आणि पोर. घर इतकं शांत झालेलं, तर पोरानं निजायला नको का? ते दिवसा किरकिरायचं, रात्री किरकिरायचं, पाळण्यात डोळे टक्क उघडे ठेवून काहीतरी व्हायची वाट पाहत असल्यासारखं पडून राहायचं. पार्वताबाई म्हणाली दृष्ट लागली. मग मनकर्णा रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकू लागली. मीठ तडतडायचं. ओसरीवरून नत्थुजी क्षीण आवाजात विचारायचे, "काय तडतडून राहिलं सूनबाई?" म्हणजे घरातल्या माणसांना चिमटीभर आणि चुलीला मूठभर, असा त्या घराचा कारभार झाला होता. मनकर्णेला हे कधीकधी जाणवायचं, पण लगेच पोर रडायचं आणि जाणवायचं राहून जायचं.

मग एक दिवस नत्थुजी सूर्यभानला घेऊन कचेरीत गेले. सगळी वावरं लेकाच्या नावावर करायची होती. घरी आल्यावर सूर्यभाननं जे सांगितलं ते ऐकून मनकर्णा हातातलं सूप विसरली.

कारकुनानं मान वर न करता विचारलं होतं, "मयत कोन?"

नत्थुजी म्हणाले होते, "मीच."

"मयताले अर्ज करता येत नाई. वारस आना."

"हा माहा वारस."

"मंग मयत मेल्याचा दाखला आना."

"अजून मेलो नाई ना साहेब. पन जास्त दिवसाचा नाई."

"मंग मेल्यावर या," कारकून म्हणाला. मग थोडा विचार करून, "म्हंजे तुमी नोका येऊ. याले पाठवा."

"आन बा काय म्हनले?" मनकर्णेनं विचारलं.

"म्हनले, बरं साहेब," सूर्यभान म्हणाला. "अवं, कचेरीतून आजपावतो कोनी शिव्या न देता बाहेर आलं हाय का? बानं राम राम केला कारकुनाले! मले तं भेव लागून राहिलं."

मनकर्णेलाही भेव लागलं. वैराग्य जरा जास्तच उतू गेलं होतं. 'जास्त दिवसाचा नाही' म्हणजे काय? संन्यास घेतात की काय? की मीठ तोडल्यानं आणखी काही तुटत चाललं होतं? तिनं मिठाच्या मडक्यात हात घातला. मूठ भरली. मग आखजी आठवली. परवा खुशालराव येणार. आज मीठ घातलं आणि परवा तोफ सुरू झाली तर? कुंदा कोपऱ्यात बसून आपल्या लुगड्याची घडी घालत होती. घडी मोडायची, पुन्हा घालायची. मनकर्णेनं मूठ सोडून दिली. खुशालराव एकदा सुनेला घेऊन गेले की दुसऱ्याच घासाला पुरेपूर मीठ घालू, असं तिनं अंबादेवीला कबूल केलं.

आखजी आली. खुशालराव आले. उंच, वाळलेला, उन्हानं रापलेला माणूस. तो दारात थांबला. पाय धुवायला दिलेलं पाणी पायांवर घेतलं, प्यायला दिलेलं नुसतं हातात धरलं. नत्थुजी ओसरीवरून उतरले, सावकाश, आजारी माणसासारखे, आणि त्यांनी व्याह्यांचे दोन्ही हात धरले.

"इवाई, आले. बरं केलं. माह्यानं आता भांडन होत नाई."

खुशालराव भांडायच्या तयारीनं आले होते. ते गोंधळले. त्यांनी हातातलं पाणी पिऊन टाकलं.

स्वयंपाकघरात मनकर्णेनं मोठी हुशारी केली होती. वरण, कढी, वांग्याची भाजी, सगळं दुहेरी. डाव्या हाताच्या भांड्यांत नत्थुजींचं बिनमिठाचं आणि उजव्या हाताच्या भांड्यांत पाहुण्यांचं मिठाचं. मिठाच्या धन्याला अळणी वाढून चालणार नव्हतं, एवढं तिलाही कळत होतं. पुरणाच्या पोळ्या आणि आंब्याचा रस यांना या भानगडीत ओढायची गरज नव्हती. दोन ताटं घासूनपुसून मांडली.

नत्थुजी आत आले, ताटांकडं पाहिलं आणि म्हणाले, "एक ताट उचला. मी आन इवाई आज एका ताटात जेवनार. आता काय आपलं-तुपलं!"

खुशालरावांचे डोळे पाणावले. सूर्यभानचे पाणावले. दाराआड कुंदानं पदर तोंडाला लावला. मनकर्णेच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते वेगळ्या कारणानं. ताट एक आणि भांडी दोन!

माणूस संकटात आपल्या मातीकडं वळतो. मनकर्णा शेतकऱ्याची लेक. दोन वावरांच्या मधे जसा मातीच्या बांधाचा धुरा घालतात, तसा तिनं ताटाच्या मधोमध भाताचा धुरा घातला. धुऱ्याच्या अलीकडं नत्थुजींचं वरण, पलीकडं खुशालरावांचं. धुरा सरळ आला. धुऱ्यावरून वऱ्हाडात डोकी फुटतात, हे तिला त्या घाईत आठवलं नाही.

जेवण सुरू झालं. दोघं आपापल्या बाजूनं जेवत होते. मनकर्णा देवाचं नाव घेत होती. आणि सगळं नीट पार पडणार असं वाटलं, तेवढ्यात खुशालरावांना उमाळा आला.

"घ्या इवाई," ते म्हणाले, आणि त्यांनी आपल्या बाजूचा वरणभाताचा घास नत्थुजींच्या तोंडात घातला.

नत्थुजींनी घास चावला. थांबले. आढ्याकडं पाहिलं. जीभ इकडून तिकडं फिरवली. डोळे मोठे झाले.

"लागलं!"

"काय लागलं? ठसका?" खुशालरावांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मीठ! मले मीठ लागलं!" नत्थुजी पाटावरून अर्धे उठले. "अरे सूर्यभान, मी मरून नाई राहिलो रे!"

"म्हंजे?"

"माहा बाप गेला तवा आधी त्याच्या जिभेची चव गेलती. मंग थो गेला. आता माही गेली. अन्न मातीसारखं लागे. म्या म्हनलं, झालं. सांगावा आला. कोनाले सांगावं? म्हनून वावरं नावावर कराले गेलो, काठी देऊन टाकली..." ते एकदम थांबले. "थ्या न्हाव्याजवळून काठी वापस आना!"

मनकर्णा भिंतीला टेकली. म्हणजे ते वैराग्य नव्हतं. ते भेव होतं. इतके दिवस हा माणूस रोज दोन वेळा तिच्या हातचं जेवून थोडा थोडा मरत होता, आणि ती अंबादेवीला हात जोडत होती.

पण पश्चात्ताप करायला वेळ मिळाला नाही. आनंदाच्या भरात नत्थुजींनी आपल्या बाजूचा मोठा घास उचलला आणि व्याह्यांच्या तोंडात कोंबला. "घ्या! तुमीबी घ्या!"

खुशालरावांनी तो चावला. त्यांचा चेहरा वाफ्यातल्या पाण्यासारखा हळूहळू सुकत गेला.

"इवाई, यात मीठ नाई."

"नाई कसं? आताच तं लागलं!"

"थे माह्याकडचं होतं. हे तुमच्याकडचं." खुशालरावांनी घास गिळला, कारण ते थुंकणाऱ्यांपैकी नव्हते, आणि हात झटकून उभे राहिले. "मी मिठाच्या विहिरीचा धनी. तुमी आमचं पानी थुकलं, थे म्या सोसलं. आता पानावर बसवून माह्याच तोंडात अळनी घालता? साऱ्या जगाले मीठ खाऊ घालनाऱ्याले? कुंदाले राहू द्या इथंच!"

"कोन अळनी वाढते?" नत्थुजी गरजले. "माह्या घरात? नत्थुजीच्या घरात?"

भांडी थरथरली. कोठ्यात बैल उभे राहिले. शेषराव बाहेर कुणाला तरी म्हणाला, "आले, मालक वापस आले!" आणि पाळण्यात किरकिरत असलेलं पोर एकाएकी थांबलं. मनकर्णेनं घाबरून वाकून पाहिलं. पोर दोन्ही मुठी मिटून गाढ झोपलं होतं. पण आता तिकडं पाहायला कुणाला सवड होती?

"सूनबाई! अळनी काहून?"

मनकर्णेच्या तोंडून शब्द फुटले. फुटले ते उलटसुलट फुटले. "मामाजी... देवळात बुवा म्हनले... मीठ खाल्लं का राग... पार्वताबाई म्हनली बैल... तुमी आन इवाई भांडाल... कुंदाबाई जाइन नाई..."

"म्हंजे," नत्थुजींनी सावकाश विचारलं, "माहा राग वरनात होता?"

खुशालराव चपला शोधत होते.

तेवढ्यात कुंदा दाराआडून पुढं आली. डोक्यावरचा पदर सावरत तिनं पदराच्या टोकाची गाठ सोडली, आणि आतला काळपट पांढरा खडा ताटाच्या वरच्या कडेला, जिथं मीठ वाढायची जागा असते तिथं, ठेवला.

खुशालराव वाकले. खडा उचलून त्यांनी उजेडात धरला.

"हे तं आपल्या विहिरीचं."

"हो, मामाजी. दिवाळीले निघाली तवा आत्याबाईंनं पदराले बांधलं होतं, वाटेत दृष्ट नोको लागाले म्हनून." कुंदा जमिनीकडं पाहत होती. "म्या सोडलंच नाई. मंग वयनीच्या हाताले काय झालं कोन जाने, तवापासून मी रोज त्याचाच कन कन लावून जेवतो. वयनीले सांगितलं असतं तं तिले वाईट वाटलं असतं."

खुशालरावांनी तो तळहातावर फिरवला. खडा हातात धरून उभे राहिले. मोठा असणार तो कधी काळी. आता बोराएवढा उरला होता. मग ते परत पाटावर बसले. घोटाळा एवढाच की आता बोलायची पाळी नत्थुजींची होती.

नत्थुजी ताटाकडं पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते मनकर्णेनं कधी पाहिलं नव्हतं. वडिलांचा नियम एकीकडं आणि लेक एकीकडं.

"इवाई," ते शेवटी म्हणाले, आणि आवाज इतका खाली होता की सूर्यभान पुढं सरकला. "मले... जरासं मीठ वाढा."

त्या घरात पानावर बसून मीठ मागितलं गेलं ते पहिल्यांदा. खुशालरावांनी खडा चिमटीत चुरला आणि भाताच्या धुऱ्यावरून हात पलीकडं नेऊन नत्थुजींच्या वरणावर टाकला. नत्थुजींनी कालवलं, खाल्लं.

"मीठ चांगलं हाय."

"हाय."

"पानीबी चांगलं असन."

"पानी खारंच हाय, इवाई," खुशालराव म्हणाले. "थे मले ठाऊक नाई का? जनमभर पेऊन राहिलो. पन थुकाचं नसते."

"नाई थुकनार."

"मंग झालं." खुशालरावांनी घास घेतला आणि एकाएकी त्यांना हसू फुटलं. "सूनबाई, मिठानं राग येत असता, तं आमच्या गावात रोज मुडदे पडाले पायजेत. आमी तं पानीच मिठाचं पेतो!"

सगळे हसले. मनकर्णाही हसली. पण तिच्या मनात आलं, आत्ताच तर हे चपला शोधत होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा गेली. दमणीत बसताना तिनं मनकर्णेला मिठी मारली आणि रडली, पण चेहरा मात्र हसत होता. नत्थुजी बैलांवर ओरडले, शेषरावावर ओरडले, पार्वताबाईच्या शेळ्यांना दगड मारला, आणि दमणी वळणाआड गेल्यावर तोंड फिरवून ऊन फार आहे म्हणून उन्हावर ओरडले. पोर पाळण्यात घोरत होतं.

खुशालरावांनी जाताना मिठाची एक भरलेली थैली मनकर्णेच्या पुढं ठेवली होती. अंबादेवीला दिलेल्या शब्दाप्रमाणे तिनं त्या दिवशी वरणात पुरेपूर मीठ घातलं. हाताचं माप मात्र मोडलं होतं. रोजच्या कोकणच्या मिठाच्या मानानं हे पूर्णेचं किती घालायचं, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि आनंदात माणसाची मूठ जरा मोठीच होते.

नत्थुजी पानावर बसले. पहिला घास घेतला. थांबले. वर आढ्याकडं पाहिलं. जीभ तोंडात इकडून तिकडं फिरवली. मग एक शब्द न बोलता सगळं जेवले, दोन तांबे पाणी प्यायले, बोटानं आपली जीभ चाचपून पाहिली आणि ओसरीवर जाऊन गप्प बसले.

मनकर्णा दाराआड उभी राहिली. एका हातात मिठाची थैली, दुसऱ्या हातात पळी.

बाहेर शेषराव बैल घेऊन आला. नत्थुजी त्याच्याकडं बराच वेळ पाहत राहिले.

"शेषराव," ते म्हणाले, "तू जेवला का बावा?"

शेषराव कोठ्यात पळाला, आणि पाळण्यात पोर रडायला लागलं.